गावाकडच्या जुन्या घराचं वायरिंग: आधी काय, नंतर काय

गावाकडच्या जुन्या घरातलं वायरिंग एका वेळी झालेलं नसतं. आजोबांच्या काळात लाकडी पट्टीवर दोन वायरी आल्या, त्यावर दोन बल्ब आणि एक रेडिओ. मग पंखा आला, टीव्ही आला, मिक्सर, फ्रिज, पाण्याची मोटर, आता गिझर आणि इंडक्शन. दर वेळी जवळच्या बोर्डातून एक वायर पुढे ओढली गेली. त्या पहिल्या दोन वायरींवर आज अख्खं घर चालतं आणि अर्थिंगची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी, तिसरी वायर बहुतेक ठिकाणी नसतेच.

साताऱ्याकडचं आमचं घर असंच. मातीच्या भिंती, पुढच्या पडवीवर पत्रा, मागे नंतर बांधलेली स्लॅबची खोली. त्याचं काम करून घेताना जे समजलं ते इथे क्रमाने मांडतो. क्रमाला महत्त्व आहे, कारण हातात पैसे मोजके असतात आणि दुकानात गेल्यावर आधी मोड्युलर बटणंच समोर येतात. माझं मत ठाम आहे: पहिला पैसा अर्थिंगवर, दुसरा आरसीसीबीवर (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), तिसरा वायरीवर. बटणं सगळ्यात शेवटी. जुनी बटणं फुटकी किंवा सैल नसतील तर ती थांबू शकतात, अर्थिंग थांबू शकत नाही.

हे वाचून स्वतः पक्कड हातात घेऊ नका. काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं. त्याला काय सांगायचं, काय विचारायचं आणि पैसे देण्याआधी काय तपासायचं, एवढं तुम्हाला यायला हवं.

आधी जमवून ठेवा

- शेवटचं वीजबिल (त्यावर ग्राहक क्रमांक आणि मंजूर भार, म्हणजे किती किलोवॅटची परवानगी आहे ते, असतं)
- मीटर ज्यांच्या नावावर आहे त्यांचं आधार कार्ड
- घराचा नमुना ८ चा उतारा, ग्रामपंचायतीतून मिळतो
- मीटर वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची लेखी संमती
- टेस्टर, चांगली विजेरी, वही-पेन आणि फोनचा कॅमेरा

## १. घर बघा, हात लावू नका

एक सकाळ काढा आणि मीटरपासून शेवटच्या बल्बापर्यंत फिरा. प्रत्येक बोर्डाचा फोटो काढा. काळवंडलेलं प्लग सॉकेट, वितळून वाकडं झालेलं प्लास्टिक, बटण दाबल्यावर चुरचुर आवाज, भिंतीला ओल आली की हाताला येणाऱ्या मुंग्या, हे सगळं वहीत खोलीवार लिहा. माळ्यावर विजेरी मारून बघा. चुलीच्या धुराने वायरीचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं आणि उंदरांनी कुरतडलेल्या जागी उघडी तार दिसते. लाकडी पट्टीला वाळवी लागली असेल तर वायर केवळ रंगाच्या थरावर टांगलेली असते.

मग मेन बोर्ड. जुन्या घरात तिथे चिनीमातीचे दोन पांढरे फ्यूज दिसतील, ज्यांना सगळे किटकॅट म्हणतात. वायरमनला ते काढून दाखवायला सांगा. आमच्याकडच्या एका फ्यूजमध्ये फ्यूजची तार नव्हतीच. वायरीतले तांब्याचे पाच-सहा धागे पीळ देऊन दोन्ही स्क्रूंना आवळले होते आणि आतली चिनीमाती तपकिरी झाली होती. असा फ्यूज कधी उडत नाही. तो उडण्याआधी भिंतीतली वायर पेटते.

फ्यूज दोन का, हेही विचारा. एक फेजवर (करंट आणणारी वायर) आणि एक न्यूट्रलवर (करंट परत नेणारी वायर), अशी जुनी पद्धत होती. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घरातलं सगळं बंद पडतं, लाईट गेली असं वाटतं, पण प्रत्येक होल्डरपर्यंत फेज जिवंत असते. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला हे कळायला मार्ग नसतो. न्यूट्रलवर वेगळा फ्यूज ठेवायचाच नाही. त्याऐवजी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा टू पोल मेन स्विच बसवायचा.

## २. मेन बंद केला म्हणजे करंट गेला असं धरू नका

घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही अर्ध्या घरात २३० व्होल्ट असतात. काम सुरू होण्याआधी इन्व्हर्टरही बंद करायचा आणि त्याची आउटपुट वायर सोडवायची. नंतर ज्या वायरीला हात लावायचा, तिथेच टेस्टर लावून बघायचं. टेस्टर आधी चालू पॉइंटवर पेटतो का हे तपासा, कारण बिघडलेला टेस्टर "करंट नाही" असंच सांगतो.

भावकीत वाटण्या झालेल्या घरात आणखी एक गोष्ट हमखास सापडते. मधल्या खोलीची फेज तुमच्या मीटरवरून आणि न्यूट्रल चुलत्यांच्या मीटरवरून आलेला असतो, किंवा उलट. तुमचा मेन बंद आणि वायर जिवंत. काम काढण्याआधी शेजारच्या घरात जाऊन बसा, दोन्ही मेन एकेक बंद करून कुठलं काय बंद पडतं ते वहीत मांडा. ही गुंतागुंत सोडवल्याशिवाय पुढची पाचवी पायरी यशस्वी होणार नाही.

## ३. लोड मोजा

हिशेब साधा आहे. उपकरणावर लिहिलेले वॅट भागिले २३०, म्हणजे अँपिअर. २००० वॅटचा गिझर साधारण ८.७ अँपिअर घेतो, इंडक्शनही तेवढंच. इस्त्री ७५० ते १००० वॅट, मिक्सर ५०० ते ७५०, एलईडी बल्ब ९, जुना पंखा ७५ च्या आसपास. गिझर, इंडक्शन, मोटर आणि एसी यांना प्रत्येकी मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी. बाकी दिवे-पंखे दोन किंवा तीन सर्किटमध्ये वाटता येतात.

सकाळी एकाच वेळी काय काय चालतं त्याची बेरीज करा आणि बिलावरच्या मंजूर भाराशी ताडून बघा. बेरीज जास्त येत असेल तर भारवाढीचा अर्ज करावा लागेल. तो शेवटच्या पायरीत.

## ४. अर्थिंग

जागा निवडताना ओल बघा. मोरीचं पाणी जिथे मुरतं त्या बाजूला, पण भिंतीपासून किमान दीड मीटर लांब. नेहमीची पद्धत म्हणजे निदान ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप उभा गाडायचा, भोवती कोळसा आणि मीठ थराथराने भरायचं, वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकणाची चौकट. मीठ पाइपाला हळूहळू खातं, म्हणून आता तांब्याचा मुलामा असलेला रॉड आणि पावडर वापरून केलेलं "केमिकल अर्थिंग" बरेच जण घेतात. दोन्ही चालतात, खोली मात्र चोरू देऊ नका.

ती चोरली जातेच. साताऱ्याच्या माण, खटाव तालुक्यांकडे तीन-चार फुटांवर मुरूम आणि खाली काळा पाषाण लागतो. खणणारा थांबतो, उरलेला पाइप कापतो आणि वर सिमेंट करतो. म्हणून खड्डा भरताना स्वतः उभे राहा आणि पाइप घालण्याआधी खोलीचा फोटो घ्या. खडक लागलाच तर थोड्या अंतरावर दुसरा इलेक्ट्रोड (तसाच पाइप किंवा रॉड) घालून दोन्ही जाड तारेने जोडायचे, हा बरा मार्ग आहे. काळ्या जमिनीत ओल टिकते, तिथे काम सोपं जातं. कोकणात जांभ्यावर पावसात उत्तम आणि मे महिन्यात वाईट अशी अवस्था असते, त्यामुळे तिथली तपासणी उन्हाळ्यातच करा.

खड्ड्यापासून मेन बोर्डापर्यंत ८ नंबरची जीआय तार किंवा तांब्याची वायर, मध्ये जोड न देता. तिथून प्रत्येक थ्री पिन सॉकेटपर्यंत हिरवी वायर. नुसता खड्डा केला आणि हिरवी वायर खोल्यांत नेलीच नाही, अशी "अर्थिंग केलेली" घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

यातले दोन धोके:

नळाच्या किंवा बोअरच्या पाइपाला अर्थिंग जोडणं. पूर्वी लोखंडी पाइप जमिनीतून जायचे. आता मध्येच कुठेतरी प्लास्टिकचा तुकडा असतो. म्हणजे अर्थिंग होत नाही, उलट तोटीत करंट येतो.

न्यूट्रल गेल्यावर अर्थिंगवर बल्ब पेटवणं. डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल तुटला किंवा लाईटची ओढाताण असली की गावात कोणीतरी ही युक्ती सांगतो. फेज आहे, मग दुसरी वायर अर्थिंगला लावा, दिवा लागतो. लागतो खरा, पण आता तो सगळा करंट अर्थिंगच्या तारेतून जातोय आणि त्याच तारेला तुमच्या फ्रिजचं, वॉशिंग मशीनचं, मोटरचं धातूचं अंग जोडलेलं आहे. खड्डा कोरडा असेल तर त्या सगळ्यांवर करंट चढतो. कोणी कितीही आग्रह केला तरी हे करू देऊ नका.

## ५. आरसीसीबी, आणि एमसीबी पुरेसा का नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. "आमच्याकडे नवीन एमसीबी बसवलेत, आता भीती नाही" असं लोक खात्रीने सांगतात. एमसीबी, म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप बंद होणारा स्विच, वायरीला वाचवतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी.

आकडे बघा. समजा अर्थिंग बऱ्यापैकी झालंय, रोध १० ओहम आहे. वॉशिंग मशीनच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली. अर्थिंगमधून करंट जाईल २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. लाइनवर १६ अँपिअरचा सी टाइप एमसीबी आहे. तो तत्काळ पडायला (आपोआप बंद व्हायला) ८० ते १६० अँपिअर लागतात. २३ अँपिअरवर तो पडला तरी तासभरही लागू शकतो. तेवढा वेळ मशीनच्या अंगावर करंट आहे आणि घरातलं कोणीतरी ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून त्यातून कपडे काढतंय.

आरसीसीबी वेगळ्या रीतीने काम करतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सारखा आहे का, एवढंच तो पाहत राहतो. गेलेल्यातला थोडा जरी दुसरीकडून, म्हणजे अर्थिंगमधून किंवा माणसातून, जमिनीत उतरला तर तो लाइन तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्यायचा. तेवढी गळती झाली की ०.३ सेकंदाच्या आत तो पडायलाच हवा. दुकानदार १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा "सारखा पडत नाही" म्हणून देऊ करेल. तो आगीपासून संरक्षणासाठी ठीक, माणसासाठी नाही. टू पोल, ३० मिलिअँपिअर, लोडप्रमाणे २५ किंवा ४० अँपिअर, आणि आयएसआय मार्क. इन्व्हर्टर एसी किंवा तशी नवी मशीन असतील तर ए टाइप मागा.

आता खरी अडचण. जुन्या घरात आरसीसीबी बसवला की पहिल्याच पावसात तो सारखा पडायला लागतो. वायरमन येतो, म्हणतो, "तुमच्या घराला हे चालत नाही," आणि बायपास करून जातो. आमच्याकडे आलेल्या पहिल्या वायरमनने हेच सुचवलं होतं. आरसीसीबी पडतोय याचा अर्थ कुठेतरी करंट गळतोय, आणि ती गळती शोधणं हेच तर काम आहे. शोधायची रीत अशी:

सगळे एमसीबी खाली (बंद) करा, आरसीसीबी वर (चालू) करा, मग एकेक एमसीबी वर घ्या. ज्याला पडला त्या लाइनवर दोष. त्या लाइनवरची सगळी उपकरणं पिनेतून काढून पुन्हा बघा. पुष्कळदा जुना गिझर, इस्त्री किंवा कूलरचा पंप सापडतो. सगळे एमसीबी खाली असूनही पडत असेल तर कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकलेत. सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, म्हणून न्यूट्रलच्या वायरी एकेक सोडवून बघाव्या लागतात. आणि चुलत्यांच्या मीटरवरून आलेला तो न्यूट्रल राहिला असेल तर त्या खोलीचा बल्ब लावला की आरसीसीबी पडणारच.

आरसीसीबीची मर्यादाही माहीत असू द्या. एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल आणि पायाखाली कोरडं लाकूड असेल तर त्याला काहीच कळत नाही. तसंच ओव्हरलोडवर तो पडत नाही, त्यासाठी एमसीबी लागतातच.

त्याच्यावर टी लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. पडला तर ठीक, नाही पडला तर त्याच आठवड्यात बदला.

## ६. वायर आणि पट्टी

मातीच्या भिंतीत खाचा पाडून पाइप पुरण्याच्या फंदात पडू नका. भिंत ढासळते आणि ओल वायरीपर्यंत जाते. भिंतीवरून पीव्हीसीची केसिंग-कॅपिंग पट्टी किंवा पाइप न्या. माळ्यावरून जाताना पाइपच हवा, उंदरांसाठी.

माप वायरमनच्या भाषेत "दीड एमएम, अडीच एमएम, चार एमएम" असं चालतं, म्हणजे वायरीतल्या तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये. दिवे-पंख्यांना दीड, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, लांबवरच्या गिझरला किंवा एसीला चार. अडीचवर १६ चा एमसीबी, चारवर २० चा, दिव्यांवर ६ किंवा १०. एमसीबी सारखा पडतो म्हणून त्याजागी ३२ चा बसवला तर आधी वायर जळेल. फेजला लाल, न्यूट्रलला काळी, अर्थला हिरवी, हे रंग शेवटपर्यंत पाळायला लावा. एखाद्या लाइनला लाल संपली म्हणून हिरवी फेजला वापरली, तर दहा वर्षांनी येणारा दुसरा वायरमन तिला अर्थ समजेल.

बंडल ९० मीटरचं असतं. आवरणावर आयएसआय मार्क आणि आयएस ६९४ (वायरींच्या भारतीय मानकाचा क्रमांक) छापलेलं बघा. एक धागा ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, बंडल परत करा.

जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरीला नवीन तांब्याची वायर पीळ देऊन टेप गुंडाळायची, हा जोड चालत नाही. तो सैल होतो, तापतो, आणि नेमका माळ्यावरच्या गवताजवळ असतो. लाइन बदलायची तर पूर्ण बदला. पैसे कमी असतील तर या वर्षी स्वयंपाकघर आणि मोरी, पुढच्या वर्षी बाकीच्या खोल्या.

## ७. पत्रा, तार, मोटर, कूलर

पावसाळ्यात गावोगाव शॉकने माणसं दगावतात ती पुष्कळदा बोर्डाजवळ नाही, तर अंगणात. पत्र्याच्या भोकातून वायर आत येते. वाऱ्याने पत्रा हलतो आणि कडेने आवरण घासत राहतं. एक दिवस तांबं पत्र्याला टेकतं. त्याच पत्र्याला किंवा त्याच्या लोखंडी खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते. ओले कपडे घेऊन आलेली बाई त्या तारेला हात लावते, तिला सोडवायला धावलेला माणूसही चिकटतो.

म्हणून पत्र्यातून वायर नेताना जाड पीव्हीसी पाइपाचा तुकडा घाला. वाळत घालायची लोखंडी तार आजच काढून नायलॉनची दोरी बांधा, यासाठी वायरमनही लागत नाही. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर ज्या आधाराच्या तारेवर टांगली आहे, ती घराच्या पत्र्याला किंवा अँगलला थेट बांधलेली नको, मध्ये चिनीमातीचा इन्सुलेटर हवा. पत्र्याच्या लोखंडी सांगाड्याला अर्थिंग जोडून घ्या.

कूलर, मोटर, पाणी तापवायचा रॉड यांना थ्री पिनच हवी. वरची जाड लांब पिन अर्थची. ती मुद्दाम लांब असते, म्हणजे लावताना आधी लागते आणि काढताना शेवटी सुटते. सॉकेटला भोक नाही म्हणून ती पिन कापणारे किंवा टू पिन लावणारे सगळीकडे भेटतात. त्यांना थांबवा. कूलरमध्ये पाणी ओतताना बटण बंद करून पिनही काढायची, रोज.

## ८. काम ताब्यात घेताना

वायरमनकडे विद्युत निरीक्षण विभागाचा परवाना आहे का ते आधीच विचारा. त्याची प्रत मागण्यात संकोच नको. उरलेले पैसे देण्याआधी त्याच्यासमोर हे करून घ्या:

- मेगरने (वायरीच्या आवरणातून करंट गळतो का हे मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासणी. ५०० व्होल्टवर किमान १ मेगाओहम आलं पाहिजे. आकडा लिहून घ्या.
- अर्थ टेस्टरने खड्ड्याचा रोध. ५ ओहमच्या आत आला तर उत्तम. खडकाळ जागी तेवढा येत नाही, तिथे आरसीसीबीवर तडजोड नाही.
- प्रत्येक बटण बंद करून होल्डरला टेस्टर. पेटला तर बटण न्यूट्रलवर आहे, उलटवून घ्या.
- प्रत्येक थ्री पिन सॉकेटमध्ये फेज उजवीकडे आहे का आणि अर्थ खरंच पोचला आहे का.
- आरसीसीबीचं टेस्ट बटण.

बोर्डात प्रत्येक एमसीबीखाली मराठीत चिठ्ठी लावा: "मोरी गिझर", "माजघर दिवे". घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना मेन कुठे आहे आणि कसा पाडायचा हे हाताने करून दाखवा.

## ९. महावितरणचं काम महावितरणला

मीटरपर्यंतचा भाग त्यांचा, मीटरनंतरचा तुमचा. मीटरचं सील तोडून "जरा आतली वायर घट्ट करतो" असं म्हणणाऱ्याला नाही म्हणा, नाहीतर वीजचोरीचा संशय तुमच्यावर येतो. सर्व्हिस वायर सडली असेल, खांबाला करंट येत असेल, व्होल्टेज एकदम वाढून बल्ब फुटत असतील (हे न्यूट्रल तुटल्याचं लक्षण, लगेच मेन पाडा), तर १९१२ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

भारवाढीचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर करता येतो. वर सांगितलेले कागद आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट तयार ठेवा. टेस्ट रिपोर्ट देणारा घर न बघताच सही करायला तयार असेल तर त्याला घरी बोलवा, पैसे त्या तपासणीचेच देताय. मीटर आजोबांच्या नावावर असेल तर नावबदल आधी उरका, म्हणजे पुढचे अर्ज अडकत नाहीत.

## शॉक लागलाच तर

हात लावायचा नाही. आधी मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला करा, स्वतः कोरड्या जागी किंवा फळीवर उभं राहून. बाहेरच्या महावितरणच्या तारेचा शॉक असेल तर काठीसुद्धा नको, लांब राहा आणि लाइन बंद करायला लावा. माणूस सुटल्यावर श्वास बघा. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. रुग्णवाहिका येईपर्यंत दाबणं थांबवू नका, दमलात तर दुसऱ्याने घ्यावं. माणूस शुद्धीवर आला, चालू-बोलू लागला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या.